परत जावं, आधी बघून यावं, की थांबावं? निर्वासितांच्या परतीच्या तीन वाटा

सोलापुरात निर्वासितांची छावणी नाही. तरीही "परत जाऊ का?" हा प्रश्न इथल्या वकिलाच्या, प्राध्यापकाच्या किंवा घरमालकाच्या टेबलावर कधीही येऊ शकतो. विचारणारा व्हिसा संपत आलेला परदेशी विद्यार्थी असेल, थंडीत स्वेटरांचं दुकान मांडणारा तिबेटी असेल किंवा तमिळनाडूतल्या छावणीतून रंगकामाला बाहेर पडलेला श्रीलंकन तमिळ असेल. जावं की नाही हे त्यालाच ठरवायचं असतं. आपल्याकडून त्याला हवं असतं ते शेजारी बसून कागद वाचून देणारं आणि कोणत्या वाटेवर काय आडवं येतं ते खरं सांगणारं माणूस. ही तुलना त्या दोघांसाठी आहे.

वाटा तीन आहेत. पहिली, सगळं कुटुंब एकदम, अधिकृत मदत घेऊन, बाडबिस्तरा आवरून परत जाणं. दुसरी, घरातल्या एकाने आधी जाऊन घर-जमीन-गाव बघणं आणि मग टप्प्याटप्प्याने बाकीच्यांनी जाणं. तिसरी, सध्या आहे तिथेच राहणं, पण परतीची तयारी चालू ठेवणं. तिसऱ्याच देशात कायमचं वसवलं जाणं ही चौथी वाट कागदावर आहे, पण जगातल्या निर्वासितांपैकी एक टक्क्याहूनही कमी लोकांना ती एखाद्या वर्षात मिळते. तिच्यावर संसाराचा हिशेब मांडू नये.

आमचा कौल सुरुवातीलाच सांगतो. जिथे जाऊन परत येता येतं तिथे दुसरी वाट. जिथे येता येत नाही तिथे तिसरी, आणि पहिली वाट फक्त तेव्हा, जेव्हा जमीन हातात असल्याचं कुणीतरी डोळ्यांनी पाहिलं आहे. कारण एकच. परतणं फसलं तर माघारी फिरायला जागा उरते का, यावर बाकी सगळं अवलंबून असतं. देश सुरक्षित झाला का, मदत किती मिळणार, हे प्रश्न त्याच्यानंतरचे.

"शांतता झाली" म्हणजे कुणासाठी?

सोलापूरकराला हे दुरून शिकायची गरज नाही. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भीतीने तुळजापूर, नळदुर्ग, उस्मानाबादच्या बाजूने कुटुंबंच्या कुटुंबं निजामाची हद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे आली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने नळदुर्गाकडे निघालं आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. या कुटुंबांना परतणं सोपं गेलं. बाहेर राहण्याचा काळ महिन्यांत मोजण्याएवढा होता, भाषा तीच होती, जमिनीची नोंद त्याच तलाठ्याकडे होती आणि मागे राहिलेल्या भावकीला बांध माहीत होता.

त्याच महिन्यांत, त्याच पट्ट्यात, मुसलमान कुटुंबांवर हल्ले झाले. भारत सरकारने पाठवलेली सुंदरलाल समिती नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरली आणि तिने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव घातलं. म्हणजे ज्या दिवशी एका कुटुंबाला गावाचा रस्ता मोकळा झाला, त्याच दिवशी दुसऱ्याला गाव सोडावं लागलं. म्हणून "तिथे आता शांत आहे ना?" असं विचारून भागत नाही. "तुमच्या नावाच्या, तुमच्या जातीधर्माच्या, तुमच्या बाजूच्या माणसाला तिथे शांत आहे का?" असं विचारावं लागतं.

सीरियात हेच दिसतं. ८ डिसेंबर २०२४ ला असद राजवट पडल्यावर वर्षभरात दहा लाखांहून अधिक सीरियन बाहेरच्या देशांतून परतले. पण जुन्या राजवटीपासून पळालेल्याचा धोका त्या दिवशी कमी झाला, आणि २०२५ मध्ये किनारपट्टीवरच्या अलावी (खुद्द असद ज्या पंथाचे, त्या पंथाच्या) वस्त्यांत हत्याकांड झाल्यावर तिथून लोक लेबनॉनकडे पळाले. देशाचं नाव एकच आणि साल एकच असलं तरी प्रत्येक कुटुंबाचा उत्तराचा कागद वेगळा भरावा लागतो.

कागद कोणत्या क्रमाने हातातून सोडायचा

तिन्ही वाटांतला सगळ्यात मोठा फरक इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

पहिल्या वाटेवर निघण्याआधी स्वेच्छेने परतत असल्याचा अर्ज भरावा लागतो. अर्ज साधा दिसतो. कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव, वय, नातं, मूळ गाव, परतून राहायचं ठिकाण आणि खाली सही किंवा अंगठा. चुका होतात त्या दोन ओळींत. "मूळ गाव" आणि "परतीचं ठिकाण" हे दोन वेगळे रकाने आहेत. बरेच जण दोन्हीत वडिलांचं गाव लिहितात आणि प्रत्यक्षात जाऊन राहतात मेहुण्याकडे, दुसऱ्या जिल्ह्यात. मग पत्र्याची किंवा बियाण्याची मदत वडिलांच्या गावी जाते आणि माणूस मेहुण्याकडे वाट बघत बसतो. खरं जिथे राहणार तेच लिहा. दुसरी चूक सहीची. घरच्या पुरुषाने सही केली की झालं, असं धरलं जातं. बाईने अर्ज स्वतः, शक्यतो वेगळं बसून, वाचून घ्यावा आणि स्वतः सही करावी. तिला जायचं नसेल तर ते सांगायची जागा तीच आहे.

या अर्जाबरोबर निर्वासित म्हणून मिळालेलं कार्ड जमा होतं किंवा रद्द होतं. पाकिस्तानातल्या अफगाणांचं नोंदणी कार्ड परतताना कायमचं बाद केलं जातं. तुर्कस्तानात स्वेच्छा-परतीच्या फॉर्मवर सही झाली की तात्पुरतं संरक्षण संपतं. पुन्हा सीमेवर आलात तर तुम्ही नव्याने आलेले बिनकागदी परदेशी. सही करणाऱ्याला हे सांगितलेलं असतंच असं नाही.

दुसऱ्या वाटेवर हे कार्ड हातात ठेवून एकजण जाऊन येतो. निर्वासितांसाठी काम करणारी संयुक्त राष्ट्रांची यूएनएचसीआर ही संस्था अशा फेरीला मान्यता देते, पण यजमान देशाने दार उघडं ठेवलं तरच तिचा उपयोग. तुर्कस्तानाने १ जानेवारी ते १ जुलै २०२५ या काळात प्रत्येक सीरियन कुटुंबातल्या एका प्रौढाला तीन वेळा जाऊन यायची मुभा दिली होती. मुदत संपली आणि दार बंद झालं. अशी मुभा जाहीर होते तेव्हा पहिल्याच महिन्यात जाऊन यावं, म्हणजे दुसऱ्या फेरीत उरलेलं काम करता येतं.

परवानगी नसताना गुपचूप जाऊन येण्याचा सल्ला आम्ही देत नाही. १९५१ च्या निर्वासित करारात, स्वतःहून आपल्या देशाचं संरक्षण परत घेतलं किंवा तिथे पुन्हा वस्ती केली तर निर्वासित दर्जा संपतो, असं कलम आहे. पासपोर्ट काढून चार आठवडे गावी राहून आलेल्या माणसाला पुढच्या तपासणीत "मग भीती कसली?" हा प्रश्न येतो.

भारतात परिस्थिती आणखी वेगळी. भारताने त्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळांची नोंद सरकार ठेवतं, अफगाण, म्यानमारच्या वगैरे लोकांची यूएनएचसीआर. भारतातून निघून पुन्हा याच दर्जाने आत येण्याची हमी कुणी देत नाही. त्यामुळे इथून दुसरी वाट बहुधा अशी चालते: कुटुंबातला एक जण कायमचाच परततो, बाकीचे इथली नोंद न सोडता थांबतात. तो एक जण कोण, हे ठरवताना घरातला सगळ्यात धडधाकट मुलगा पुढे करू नये. जमिनीचा इतिहास माहीत असलेला, शेजाऱ्यांना ओळखणारा आणि ज्याच्यावर तिकडे कसलाही गुन्हा किंवा संशय नाही असा माणूस जावा.

सोलापुरातून निघणाऱ्याने क्रम असा ठेवावा. आधी आपल्या देशाच्या दूतावासातून प्रवासाचा कागद. मग देश सोडायची परवानगी, जिला सगळे एक्झिट परमिट म्हणतात. तिचा अर्ज ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर होतो. परदेशी नागरिकांच्या नोंदीचं काम शहरात पोलीस आयुक्तालयाकडे आणि ग्रामीण भागात पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असतं. तिकीट सगळ्यात शेवटी. उलटं केलं की हमखास अडकतं: तिकीट काढलेलं, परवानगी लांबलेली आणि तात्पुरत्या प्रवास कागदाची मुदत मधेच संपलेली. ज्याला भीती खुद्द आपल्या सरकारचीच आहे, त्याने दूतावासात जाण्याआधी यूएनएचसीआरशी किंवा वकिलाशी बोलावं. तिथे दिलेला पत्ता आणि नातेवाइकांची नावं मागे घेता येत नाहीत.

श्रीलंकेच्या बाबतीत आणखी एक. युद्धाच्या काळात बहुतेक जण बोटीने रामेश्वरमच्या किनाऱ्याला लागले. अधिकृत बंदर किंवा विमानतळ सोडून देशाबाहेर जाणं हा तिथल्या इमिग्रेशन कायद्याने गुन्हा आहे आणि परतणाऱ्याला विमानतळावरच त्याबद्दल अडवलं जाऊ शकतं. उतरण्याच्या शहरातल्या वकिलाचा फोन नंबर मोबाइलमध्ये आणि चिठ्ठीवरही लिहून खिशात ठेवा. मोबाइल काढून घेतला जातो, चिठ्ठी बहुधा राहते.

कागदांना लॅमिनेशन करू नका. जपण्यासाठी म्हणून जन्मदाखला प्लास्टिकमध्ये घालून आणतात आणि मग परराष्ट्र खात्याचा साक्षांकनाचा शिक्का मारायला जागाच राहत नाही. मूळ प्रत साध्या पारदर्शक पिशवीत ठेवा, दोन नकला वेगळ्या सामानात आणि एक फोटो दुसऱ्या देशातल्या नातेवाइकाच्या फोनवर.

जमीन आणि घर: सगळ्यात जास्त परतणी इथेच मोडतात

दहा वर्षं पड राहिलेल्या रानाचा बांध कुणीकडे सरकतो, हे सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. निर्वासिताच्या जमिनीचं तेच होतं. फक्त इथे वाद घालायला तो हजर नसतो आणि सातबाऱ्यासारखा उतारा जळालेल्या कचेरीत गेलेला असतो.

बुरुंडीत १९७२ मध्ये टांझानियात पळालेली कुटुंबं २००० च्या शांतता करारानंतर परतू लागली, तेव्हा त्यांच्या जमिनीवर तीस-पस्तीस वर्षं दुसरी कुटुंबं नांगर धरत होती. त्यातल्या कित्येकांना ती जमीन सरकारनेच वाटलेली. दोघांकडेही बरोबरचे कागद. जमिनीच्या वादांसाठी खास आयोग नेमला, तरी कुठे अर्धी-अर्धी वाटणी झाली, कुठे भांडणं पेटली आणि ज्यांना गावच आठवत नव्हतं त्यांच्यासाठी नव्या वसाहती उभाराव्या लागल्या. त्याच १९७२ च्या लोकांपैकी सुमारे १,६२,००० जणांनी तिसरी वाट धरली, ते टांझानियातच थांबले आणि २०१४ मध्ये त्यांना तिथलं नागरिकत्व मिळालं. दोन्ही गट एकाच गावांतून निघालेले. पहिल्या वाटेने गेलेल्यांना जमिनीचा वाद मिळाला, थांबलेल्यांना कागद मिळाला, पण बेचाळीस वर्षांनी.

श्रीलंकेत सलग दहा वर्षं वहिवाट केलेल्याला जमिनीवर हक्क सांगता येतो. युद्धामुळे परागंदा झालेल्यांसाठी २०१६ मध्ये सवलतीचा कायदा आला. १ मे १९८३ ते १८ मे २००९ हा काळ वहिवाटीत धरू नये, असं त्यात होतं, पण दावा लावायला मुदत ठराविक होती. म्हणून जाफना, किलिनोच्ची, मुल्लैतीवू भागात परतणाऱ्याने घर बांधायला वीट आणण्याआधी जमीन-वकील गाठावा. त्यातही जमीन स्वतःच्या खरेदीखताची आहे की सरकारी परवान्याची, हे आधी बघावं. परवान्याच्या जमिनीवर न राहिल्यास परवाना रद्द होऊ शकतो. काही जमिनी अजून सैन्याच्या कुंपणात आहेत. तिथे खरेदीखत खणखणीत असूनही फाटक उघडत नाही.

सीरियात २०१८ च्या कायदा क्रमांक १० ने सरकारला पुनर्विकासाचे पट्टे जाहीर करायचा अधिकार दिला. पट्टा जाहीर झाला की मालकी सिद्ध करायला सुरुवातीला फक्त ३० दिवस होते. ओरड झाल्यावर त्याच वर्षी ते एक वर्ष केलं. बाहेर बसलेल्याला पट्टा जाहीर झाल्याचं कळेपर्यंतच महिना जातो. घर उभं दिसलं तरी फसू नका. सैनिकांनी घरं धुऊन नेण्याला तिकडे ताफीश असा शब्दच पडला. दारं-खिडक्या जातात, नळ जातात, फरशा उखडल्या जातात आणि भिंतीतल्या नळीतून तांब्याची तार ओढून काढलेली असते. बाहेरून काढलेल्या फोटोत त्या भिंती छान दिसतात. म्हणून आधी जाणाऱ्याने फोटो आतून काढावेत: स्वयंपाकघराचा कोपरा, विजेचा बोर्ड, छताचा खालचा भाग, विहिरीत वाकून.

बोस्नियाचा अनुभव मात्र वेगळा, आणि तो चुकीचा वाचला जातो. तिथलं युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारातल्या सातव्या परिशिष्टाने प्रत्येकाला आपलं घर परत मिळण्याचा हक्क दिला. कब्जेदाराला बाहेर काढायची सक्तीची पद्धत पुढे बसवली आणि बहुतेक सगळे दावे निकाली निघाले. जगात असं क्वचित घडतं. पण घर परत मिळाल्यावर पुष्कळांनी ते विकलं किंवा बदलून घेतलं आणि जिथे आपल्या लोकांची संख्या जास्त तिथे राहिले. शाळा, नोकरी, शेजार बदललेला होता. यातून आम्ही एवढंच घेतो की घर परत मिळवणं आणि तिथे जाऊन राहणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला घेतला म्हणून दुसरा घ्यावाच लागतो असं नाही. थांबणाऱ्यानेही मालकीचा दावा जिवंत ठेवावा.

दावा जिवंत कसा ठेवायचा? खरेदीखताचा क्रमांक, जुनी वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या, रेशनकार्ड, चारी बाजूंच्या शेजाऱ्यांची नावं, हे एका पानावर आजच लिहून काढा. आजोबा हयात असतील तर त्यांना फोनवरच्या उपग्रह नकाशावर रान दाखवायला सांगा. विहीर, ओढ्याचं वळण, देऊळ किंवा मशीद यावरून म्हाताऱ्या माणसाला पंधरा मिनिटांत जागा सापडते. ती खूण जपून ठेवा. ते गेले की ही नोंद कुठल्याच कचेरीत मिळणार नाही.

आणि कब्जेदाराशी पहिल्या दिवशी भांडू नका. पुष्कळदा तोही दुसरीकडून हाकललेला असतो. कापणीपर्यंत मुदत देऊन दोन साक्षीदारांसमोर लिहून घेतलेला कागद कोर्टात उपयोगी पडतो. उभ्या पिकात घातलेला ट्रॅक्टर मात्र त्याच कोर्टात उलटतो.

पैसा, धान्य आणि पेरणीची तारीख

रोख मदतीचा आकडा बघून निघू नये. जून २०१६ मध्ये पाकिस्तानातून परतणाऱ्या अफगाणांची माणशी मदत २०० वरून ४०० डॉलर झाली. त्याच महिन्यांत पोलिसांचा त्रास आणि हद्दपारीच्या धमक्याही वाढल्या आणि त्या वर्षी साडेतीन लाखांहून अधिक नोंदणीकृत निर्वासित परत गेले. २०१७ मध्ये मदत पुन्हा २०० वर आली. ती रक्कम हाती घेऊन पोहोचलेल्या कुटुंबाला भाडं, सामानाचा ट्रक आणि पहिल्या हिवाळ्याचं सरपण एवढ्यातच ती संपते.

हिशेब पैशापेक्षा धान्यात मांडावा. माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य धरा. पाच जणांना दिवसाला २ किलो, महिन्याला ६० किलो. पोहोचल्यापासून पहिलं पीक घरात येईपर्यंत आठ महिने गेले तर ४८० किलो, म्हणजे जवळपास पाच क्विंटल. त्यात गव्हाचं बी एकरी ४० ते ५० किलो. एवढं धान्य किंवा एवढ्याची किंमत हाताशी नसेल तर सगळं कुटुंब एकदम नेऊ नये. पहिल्या वाटेवरची कुटुंबं बहुधा चौथ्या-पाचव्या महिन्यात मोडतात, कारण मदत संपलेली असते आणि पीक अजून पोटरीत असतं. मग बी म्हणून ठेवलेलं धान्य दळलं जातं आणि पुढचं वर्षही हातचं जातं.

सोलापुरात मालदांडी ज्वारी पेरायची ती सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. नोव्हेंबरात शेतावर पोहोचलेल्या माणसाने रब्बी गमावलेली असते. परतीची तारीखही अशीच बघायची. उत्तर श्रीलंकेत भाताचा मोठा हंगाम ईशान्य मोसमी पावसावर, ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे ऑगस्टपर्यंत तिथे पोहोचून बांध धरायला हवेत. अफगाणिस्तानात उशिरा शरदात पोहोचणं सगळ्यात वाईट. यूएनएचसीआर पाकिस्तानातून होणारी परतीची मदत हिवाळ्यात काही महिने थांबवत असे, ते याच कारणाने. २०२३ च्या १ नोव्हेंबरपर्यंत बिनकागदी अफगाणांनी निघून जावं, असा पाकिस्तान सरकारचा आदेश आला आणि लाखो लोक नेमके थंडीच्या तोंडावर सीमेवरच्या तोरखम आणि चमनच्या फाटकांवर उभे राहिले. ती तारीख त्यांनी निवडलेली नव्हती. स्वेच्छेची परत आणि ढकललेली परत ओळखायची सोपी खूण हीच: निघायचा महिना कुणी ठरवला?

मोझांबिकमध्ये ऑक्टोबर १९९२ च्या करारानंतर सुमारे १७ लाख लोक शेजारच्या देशांतून परतले आणि त्यातले बहुतेक आपले आपण गेले. पुष्कळ कुटुंबांनी काही माणसं आधी रान साफ करून पेरायला पाठवली आणि बाकीची छावणीच्या शिध्यावर थांबली. पीक आल्यावर सगळी गेली. हीच दुसरी वाट, कुणी न शिकवता. जिथे सीमा पायी ओलांडता येते आणि यजमान देश डोळेझाक करतो, तिथे यासारखी दुसरी पद्धत नाही.

सुरुंग

यावर वाद नको, फक्त नियम पाळा. बरीच वर्षं कुणी पाऊल न ठेवलेल्या रानात, पडक्या घरात आणि जुन्या विहिरीत आपण पहिले उतरू नका. अफगाणिस्तानात लाल रंगवलेले दगड म्हणजे धोका, पांढरे म्हणजे साफ केलेली जागा. श्रीलंकेत मुहमालैसारख्या भागात सुरुंग काढायचं काम युद्ध संपून कित्येक वर्षं चाललं. मुलांना भंगार गोळा करू देऊ नका. परतल्यावर पहिले काही आठवडे घरात पैसा नसतो, तेव्हा मुलं लोखंड विकायला निघतात आणि न फुटलेले गोळे हातात येतात ते असे. दुसऱ्या वाटेने गेलेल्याने हे आधीच गावकऱ्यांना विचारून ठेवायचं: गुरं कुठे चरायला नेत नाहीत? हा प्रश्न नकाशापेक्षा खरं सांगतो.

मुलं

आईबाप परततात, पण मुलं जातात ती नव्या देशात. सोलापुरात जन्मून मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेलं मूल काबूलच्या किंवा जाफन्याच्या वर्गात बसेल तेव्हा त्याला तिथली लिपीसुद्धा वाचता येईलच असं नाही. तमिळनाडूत वाढलेल्या श्रीलंकन मुलाला तमिळ येतं, पण सिंहली येत नाही आणि सरकारी नोकरीत ते आडवं येतं. अफगाणिस्तानात सहावीनंतर मुलींच्या शाळा बंद आहेत आणि डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठंही. ज्या घरात बारा वर्षांची शिकणारी मुलगी आहे, त्या घराला आम्ही पहिली वाट सुचवणार नाही, पैसा आणि जमीन दोन्ही जागेवर असली तरी.

कागदांचं काम मात्र कुठल्याही वाटेवर आजच करता येतं. मुलाचा जन्म सोलापुरात झाला असेल तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागातून दाखला घ्या. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि त्याला वेळ जातो. नाव, आईबापांच्या नावांची अक्षरं, निर्वासित कार्डावरची अक्षरं, सगळं एकसारखं आहे का ते बघा. एका अक्षराच्या फरकावर पुढे नागरिकत्वाची नोंद अडते. श्रीलंकन आईबापांच्या भारतात जन्मलेल्या मुलांची नागरिकत्वाची नोंद चेन्नईतल्या उपउच्चायुक्तालयातून करता येते. ती परतायच्या आधी करा. शाळा सोडल्याचा दाखला निघायच्या आठवड्यात मागू नका, महिनाभर आधी घ्या, कारण साक्षांकनाच्या रांगा लांब असतात. एकाच शिक्क्यावर परदेशी कागद मान्य करायच्या हेग अपोस्टिल करारात अफगाणिस्तान आणि सीरिया नाहीत, त्यामुळे परराष्ट्र खात्यानंतर त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का लागतो.

बेपत्ता नवऱ्याच्या बायकोचा कागद आणखी अवघड. मृत्यूचा दाखला नाही म्हणून वारस नोंद नाही, वारस नोंद नाही म्हणून जमीन नाही, आणि दाखला मागणं म्हणजे त्याला मेलेला म्हणणं, जे कित्येक बायका करत नाहीत. श्रीलंकेने २०१६ पासून अशांसाठी 'अनुपस्थितीचं प्रमाणपत्र' आणलं. त्यावर बँकेची, जमिनीची, मदतीची कामं होतात आणि माणूस मेला असं लिहावं लागत नाही. परतणाऱ्या बाईला हे सांगणारं कुणी नसतं, म्हणून इथे लिहितो.

थांबण्याचीही किंमत आहे

तिसरी वाट म्हणजे हात जोडून बसणं नव्हे, आणि ती फुकटही नाही. भारतात नोंदणी असलेला श्रीलंकन तमिळ, जो ९ जानेवारी २०१५ पर्यंत आला, त्याला २०२५ च्या सवलतीच्या आदेशाने कागद नसल्याबद्दलच्या शिक्षेतून वगळलं आहे. पण ते नागरिकत्व नाही. २०१९ चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या ठराविक धर्मांच्या लोकांपुरता आहे, श्रीलंकन तमिळ त्यात नाहीत. पासपोर्ट नाही, सरकारी नोकरी नाही, जमीन घेणं अवघड, आणि घर भाड्याने घेताना दरवेळी पोलीस पडताळणीला तेच उत्तर. हे तीस-चाळीस वर्षं सोसलेल्या माणसाला "थांबा" म्हणणं सोपं नसतं आणि आम्ही ते सहज म्हणत नाही.

तरी काहींना तेच म्हणावं लागतं. म्यानमारमधले रोहिंग्या मुसलमान १९७८ मध्ये बांगलादेशात आले, शिधा तोडल्यावर छावण्यांत दहा हजारांहून अधिक मेले आणि उरलेले परत गेले. १९९१-९२ मध्ये पुन्हा आले आणि सुमारे २,३०,००० परत पाठवले गेले. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक पुन्हा आले. १९८२ च्या म्यानमारच्या नागरिकत्व कायद्यात त्यांना जागा नाही, ती दोन्ही परतींनंतर मिळाली नाही. नोव्हेंबर २०१८ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये परतीच्या गाड्या तयार ठेवल्या, तेव्हा एकही कुटुंब चढलं नाही. त्यांना कुणी भडकवलं होतं असं नाही, त्यांना आधीच्या दोन परती आठवत होत्या. नागरिकत्वाचा कागद पुढे असल्याशिवाय मागचं कार्ड सोडायचं नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलं.

मग कुणी काय निवडावं

ज्याची जमीन भावाच्या ताब्यात शाबूत आहे, गुन्हा नाही, मुलं लहान आहेत आणि आठ महिन्यांचं धान्य हाताशी आहे, त्याने पेरणीच्या दोन महिने आधी पहिली वाट धरायला हरकत नाही. जमिनीवर कोण आहे हे माहीत नसेल, तर एकाने पुढे जावं, बाकीच्यांनी नोंद सोडू नये. नागरिकत्वच नाकारलेलं आहे, मुलगी शिकते आहे किंवा भीती खुद्द सरकारची आहे, त्यांनी थांबावं आणि जन्मदाखले, जमिनीचं पान, साक्षांकन ही कामं उरकत राहावं.

पुढे गेलेल्या माणसाकडून पहिल्या आठवड्यात पाच गोष्टी मागवा: बांधावर उभं राहून चारी दिशांचे फोटो, विहिरीतल्या पाण्याची चव गोड की खारट, सर्वांत जवळच्या चालू शाळेत मुली किती, बाजारात गव्हाचा किंवा तांदळाचा किलोचा भाव, आणि ओळखीच्या तीन घरांपैकी किती दारं उघडी आहेत. पाचवं उत्तर फोनवर सांगताना तो अडखळला, तर घाई न करता दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करा. तिकीट त्यानंतर.